लोकनृत्य वाचवायचं असेल तर आधी ते शाळेत न्या

मस्कतला धाकट्या बहिणीकडे गेले होते, तेव्हाची गोष्ट. ती तिथे एका इस्पितळात परिचारिका. तिच्या वॉर्डातल्या बऱ्याचशा मुली फिलिपिनो. जूनचे दिवस होते, रात्री नऊ वाजताही गच्ची तापलेली. १२ जून हा त्यांचा स्वातंत्र्यदिन, त्याची तालीम चालली होती. बांबू मिळाले नव्हते म्हणून प्लंबरकडून पीव्हीसीचे दोन लांब पाइप आणले होते. दोघीजणी समोरासमोर उकिडव्या बसल्या, दोन्ही हातांत पाइपांची टोकं धरून. एकदा पाइप एकमेकांवर आपटायचे, मग फाकवून दोनदा जमिनीवर. टक्, धप्-धप्. टक्, धप्-धप्. पाइप उघडे असतात तेवढ्या दोन मात्रांत, दिवसभराची पाळी करून आलेली एक मुलगी त्या फटीत अनवाणी पाऊल टाकत होती आणि मिटायच्या आत काढून घेत होती. पायांकडे एकदाही बघितलं नाही तिने. हे तिनिकलिंग. भाताच्या शेतात बांबूचे सापळे चुकवत चालणाऱ्या तिकलिंग पक्ष्याची चाल.

तालीम थांबल्यावर मी तिला विचारलं, हे कुठे शिकलीस? एखाद्या नृत्यवर्गाचं नाव सांगेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "शाळेत. पी.ई.च्या तासाला. आम्हां सगळ्यांनाच येतं."

मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. आपल्या भागातल्या एका तरी नाचाबद्दल "आम्हां सगळ्यांनाच येतं" असं म्हणणारी मुलगी माझ्या वर्गातून बाहेर पडली का, हे मी त्या रात्री स्वतःला विचारलं. आणि मग त्या देशात हे कसं घडलं, कोणी घडवलं, याच्या मागे लागले.

घडवलं एका शाळामास्तरणीने, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. फ्रान्सिस्का रेयेस-अक्विनो. जन्म ९ मार्च १८९९, मनिलाच्या उत्तरेला बुलाकान प्रांतातल्या बोकावे या गावी. आपल्याकडे शिक्षिकेला बाई म्हणायची रीत आहे, तेव्हा मी त्यांना फ्रान्सिस्काबाईच म्हणणार. त्यांचं काम शारीरिक शिक्षणातलं. नृत्यांगना म्हणून त्या पुढे आल्या नाहीत, कुठल्या घराण्याची गादीही त्यांच्याकडे नव्हती. माझ्या मते त्यांच्या यशाचं निम्मं रहस्य इथेच आहे. नाचाकडे त्यांनी पहिल्यापासून शिकवणाऱ्याच्या नजरेने बघितलं: हे पाऊल चाळीस मुलांना एका मैदानात कसं शिकवता येईल?

काळही ध्यानात घ्यायला हवा. बाईंचा जन्म झाला त्याच्या महिनाभर आधी फिलिपिन्स-अमेरिका युद्धाला तोंड फुटलं होतं. तीन शतकांहून जास्त स्पेनचं राज्य, ते संपतं ना संपतं तोच अमेरिकेचं. अमेरिकेने गावोगावी सरकारी शाळा काढल्या, इंग्रजी आणली, आणि शारीरिक शिक्षण नावाचा विषयही आणला. त्याच्यासोबत बेसबॉल, बास्केटबॉल आले, आणि नाच शिकवायचा तर तो युरोपातल्या कुठल्या तरी खेड्यातला. लेयतेतल्या किंवा इलोकोसमधल्या मुलीने शाळेच्या अंगणात युरोपातल्या शेतकऱ्यांचा नाच करायचा, आणि घरी आजीला जो येतो तो गावंढळ म्हणून सोडून द्यायचा. आपल्याला हे काही नवीन नाही.

फ्रान्सिस्काबाईंनी तो विषयच हातात घेतला आणि त्यात भरलेला माल बदलला. फिलिपिन्स विद्यापीठात शिकत आणि शिकवत असताना त्या लुझोन बेटाच्या मध्य आणि उत्तर भागातल्या खेड्यांत जाऊन नाच, गाणी आणि खेळ टिपू लागल्या. १९२६ साली त्यावर प्रबंध झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याचं पुस्तक निघालं, शिक्षकांच्या आणि क्रीडांगणावर मुलं खेळवणाऱ्यांच्या हाती पडावं म्हणून. प्रबंध आणि वर्ग यांच्यात एका वर्षाचं अंतर! आपल्याकडे लोककलेवरचे किती प्रबंध विद्यापीठाच्या कपाटातून प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यापर्यंत पोचले, याचा हिशेब एकदा कोणीतरी मांडायला हवा.

१९३४ साली विद्यापीठाचे अध्यक्ष होर्हे बोकोबो यांनी लोकगीतं आणि लोकनृत्यं गोळा करायला एक समिती नेमली. नाच फ्रान्सिस्काबाईंनी टिपायचे, संगीत आंतोनियो बुएनाव्हेन्तुरा यांनी, आणि छायाचित्रं रामोन तोलेन्तिनो यांनी. (बाईंचं आधीचं आडनाव तोलेन्तिनो, त्यांची जुनी पुस्तकं शोधायची तर त्या नावाने शोधावी लागतात.) समिती हे नाव भारदस्त वाटतं, पण काम म्हणजे गावात जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना विनवण्या करणं. ज्यांना नाच येत होते ती माणसं वयाने थकलेली. कोणाचे गुडघे धरलेले, कोणी लाजणारी, कोणाचा जोडीदारच वारलेला. जोडीने करायचा नाच एकटी बाई कसा दाखवणार? अशा माणसाला उभं करायचं, त्याची पावलं मोजायची, तोवर वादकाकडून चाल लिहून घ्यायची, आणि मग आपण स्वतः त्याच्यासमोर तो नाच करून दाखवून विचारायचं, बरोबर का? माझी खात्री आहे की बाईंच्या कामातला खरा कस इथे लागला असणार. शिकवायची सवय असलेल्या माणसाला पुन्हा शिकणारा व्हायला फार जड जातं.

आता त्यांनी लिहिलं कसं, ते बघू. त्यांच्या पुस्तकातली नोंद उघडली की आधी नाचाचं नाव आणि तो कुठल्या प्रांतातला, गावातला ते. मग वेशभूषा. मग पियानोवर वाजवता येईल अशी स्वरलिपी. मग मात्रांची मोजणी, एक-दोन-तीन. त्यानंतर एकेक आकृतिबंध, किती मात्रांत कुठे जायचं, हात कुठे, नजर कुठे. गावाकडचे हातापायांचे शब्द त्यांनी तसेच ठेवले. मनगटातून हात गोल फिरवायचा तो कुमिंतांग. एक हात पुढे आणि एक पाठीमागे, कमरेशी आडवा, तो हायोन-हायोन. तळवे आळीपाळीने वर-खाली उलटायचे ते बिलाओ. सुपासाठी, रोवळीसाठी त्यांच्याकडे बिलाओ हाच शब्द आहे. हाताची ही हालचाल करून बघितली की पाखडणं डोळ्यांसमोर येतं. गावच्या बोलीतला शब्द आणि शास्त्रशुद्ध मोजणी यांची अशी सांगड घातली की कधीही नाच न शिकलेला मास्तर पुस्तक हातात धरून, एका पेटीवाल्याच्या किंवा पियानोवालीच्या मदतीने, शनिवारी मुलांना नाच बसवू शकतो. खरोखरच बसवू लागला. अमेरिकेच्या ताब्यातून देश ४ जुलै १९४६ रोजी स्वतंत्र झाला (१२ जून हा १८९८ साली स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केल्याचा दिवस), मनिला तेव्हा बॉम्बफेकीने मोडून पडलेली होती. त्याच साली त्यांचं राष्ट्रीय नृत्यांवरचं मोठं पुस्तक निघालं. पुढे त्या सरकारी शाळांच्या शारीरिक शिक्षणाच्या अधीक्षक झाल्या आणि लोकनृत्यांचे सहा खंड त्यांनी हळूहळू पुरे केले.

१९६२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाला हा पुरस्कार विनोबांमुळे, आरोळे पती-पत्नींमुळे, बाबा आमट्यांमुळे घरचा वाटतो. पण फ्रान्सिस्काबाईंना तो कुठल्या विभागात मिळाला, ते मुद्दाम सांगते: सरकारी सेवा. तीनच वर्षं आधी, १९५९ साली, आपले चिंतामणराव देशमुख याच विभागात मानकरी ठरले होते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री राहिलेला माणूस आणि खेड्यातले नाच टिपणारी शिक्षिका एकाच ओळीत बसवले गेले. पत्रकारिता, साहित्य आणि सर्जनशील संवादकलांचा वेगळा विभाग त्या पुरस्कारात होता. तरी बाईंचं काम सरकारी सेवा म्हणून मोजलं गेलं, आणि ते मला शंभर टक्के योग्य वाटतं. रस्ते, पाणी, दवाखाने यांच्यासारखंच आपले नाच मुलांपर्यंत पोचवणं हे सरकारचं काम आहे. ते उत्सव समित्यांवर आणि प्रायोजकांवर सोडून भागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि मी ते ठामपणे मांडते. लोकनृत्य टिकवायचा भरवशाचा रस्ता शाळेच्या वेळापत्रकातून जातो. महोत्सव, स्पर्धा, परदेश दौरे, दूरदर्शनवरचे कार्यक्रम ही सगळी त्याच्यानंतरची गोष्ट.

यावर लगेच बायानिहानचं नाव घेतलं जातं. १९५७ साली मनिलातल्या फिलिपिन वीमेन्स युनिव्हर्सिटीतून हे नृत्यपथक निघालं आणि पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात गाजलं. जगाला फिलिपिन्सचे नाच माहीत झाले ते मुख्यतः या पथकामुळे, हे खरंच आहे. त्यांच्या नृत्यदिग्दर्शिका लुक्रेसिया रेयेस-उर्तुला यांचं काम मोठं आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण रंगमंचाची गरज वेगळी असते. गावात तासभर संथ चालणारा नाच तिथे पाच मिनिटांत बसवावा लागतो, वेग वाढवावा लागतो, रांगा देखण्या कराव्या लागतात, आणि शेवट टाळ्या मिळतील असा करावा लागतो. सगळ्यात मोठं म्हणजे, मंचावर वीस जण नाचतात आणि दोन हजार बघतात. गावात याच्या उलट होतं. शाळेच्या मैदानातही उलटच होतं, तिथे बघायला फार तर मुख्याध्यापक आणि शिपाईमामा. नाच ज्याच्या पायात शिरला तो त्याचा होतो. खुर्चीत बसून बघितला तो फक्त आवडतो.

आमच्या आजीला फुगडीचे कितीतरी प्रकार यायचे. बसफुगडी, दंडफुगडी, कासवफुगडी, एका हाताची, नखुल्यांची. श्रावणात ती पदर खोचून उभी राहिली की माझ्या आईच्या वयाच्या बायका मागे सरायच्या. आज मंगळागौरीचे खेळ करून दाखवणारी पथकं आहेत, सुपारी देऊन बोलावतात, हॉलमध्ये ध्वनिक्षेपकावर कार्यक्रम होतो आणि घरच्या बायका खुर्च्यांवर बसून मोबाइलवर चित्रण करतात. त्या पथकांतल्या बायका कष्टाळू आहेत, त्यांच्यामुळे खेळ निदान डोळ्यांसमोर तरी राहिले. खेळांची पुस्तकंही छापलेली आहेत. पण हे खेळ शाळेच्या तासिकेत कधी आले नाहीत, आणि म्हणून माझ्या नातीला पिंगा म्हणजे काहीतरी बघायचं असतं असं वाटतं. लेझमीचं तसं झालं नाही. ती कवायतीत शिरली, पी.टी.च्या सरांनी शिट्टी वाजवून शिकवली, पंधरा ऑगस्टला गावातून फिरली. आजही पन्नाशीच्या माणसाच्या हातात लेझीम द्या, हात आपोआप चालतात. पुरावा हवा तर तो आपल्याच घरात आहे.

शाळेत नेण्यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप असा की लिहिला की नाच गोठतो. गावागणिक, घरागणिक वेगळी असलेली पावलं पुस्तकात एकच होतात, आणि मग मास्तर म्हणतात, हे बरोबर, तुझ्या आजीचं चूक. याला उत्तर द्यायला मला इतिक-इतिक या नाचाची गोष्ट उपयोगी पडते. दक्षिणेतल्या मिंदानाओ बेटाच्या ईशान्य टोकाला सुरिगाव प्रांत आहे. तिथे म्हणे एका बारशाच्या समारंभात कानांग नावाच्या मुलीला नाचायचा आग्रह झाला. ती सिबाय नावाचा नाच करू लागली, पण रंगात आल्यावर ठरलेली पावलं सोडून बदकासारखी तुरुतुरु चालू लागली, पाठीवर पाणी उडवणाऱ्या बदकासारखे हात हलवू लागली. बघणाऱ्यांना ते इतकं आवडलं की तेही तसंच करू लागले. इतिक म्हणजे बदक. नाचाला तेच नाव पडलं. खरं-खोटं कोण जाणे, पण ही गोष्ट नाचासोबत शिकवली जाते, आणि तिच्यात आक्षेपाचं सगळं बळही आहे आणि उत्तरही. परंपरा म्हणून जे आज मोजून शिकवतात ते कोण्या एके दिवशी एका मुलीने नियम मोडून केलं होतं. तेव्हा परीक्षेत इतिक-इतिकची पावलं चुकली म्हणून गुण कापणारा शिक्षक कानांगलाही नापास करेल. पण हा दोष गुण देण्याच्या पद्धतीचा आहे. तो लिहिणाऱ्या बाईंच्या माथी मारून चालणार नाही. लिहिलं नसतं तर गोठायलाही काही उरलं नसतं. मी शिकवत असते तर शेवटच्या सोळा मात्रा मोकळ्या सोडल्या असत्या आणि मुलांना सांगितलं असतं, आता तुमच्या अंगणातलं जनावर आणा.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे, आणि इथे मला बाईंच्या पद्धतीतही एक उणीव दिसते. त्यांच्या नोंदीत सुरुवातीची उभं राहण्याची जागा ठरलेल्या शब्दांत येते: जोडीदार समोरासमोर, साधारण सहा फुटांवर, प्रेक्षकांकडे तोंड केलं की मुलगी मुलाच्या उजव्या हाताला. प्रेक्षक! गावातल्या अंगणात प्रेक्षकांची अशी एक बाजू नसते. लोक चहूबाजूंनी असतात, मधेच आत येतात, बाहेर जातात, पोरं पायांत घुटमळतात. कागदावर उतरताना नाचाला एक पुढची बाजू मिळाली, म्हणजे मंच त्याच्यात आधीच शिरला. शिकवायच्या सोयीसाठी ते झालं असणार, मला कळतं. पण सोयीची किंमत असते.

ही किंमत सगळ्यात जास्त बसते ती नवसाच्या नाचांना. बातांगास प्रांतात सुब्लि नावाचा नाच आहे. तो पवित्र क्रुसासमोर करायचा, व्रतासारखा. जेजुरीला वाघ्या-मुरळी देवासमोर नाचतात, तसाच भाव. तो व्यायामाच्या तासाला आणला तर पावलं राहतात आणि ज्याच्यासाठी पावलं टाकायची तो निघून जातो. इथे माझं मत शाळेच्या विरुद्ध आहे. करमणुकीचे, सुगीचे, लग्नाकार्यातले नाच खुशाल शिकवा. देवाचे नाच ज्यांचे आहेत त्यांच्या परवानगीवाचून मैदानात आणू नका. मुलांना तिथे घेऊन जा, बाजूला उभं राहून बघू द्या.

तिसरा आक्षेप त्या देशाच्या जखमेला हात घालणारा आहे. सुरुवातीला जे नाच टिपले आणि शाळांतून पसरले ते मुख्यतः सखल भागातल्या ख्रिस्ती खेड्यांचे. दक्षिणेतले मुस्लिम आणि उत्तरेच्या डोंगरातले लोक पुढे जास्त करून मंचाच्या वाटेने आले, 'मुस्लिम नृत्ये', 'डोंगरी नृत्ये' अशा गठ्ठ्यांत. लानाओच्या मारानाव लोकांचा सिंगकिल हा नाच आडव्या-उभ्या बांबूंच्या जाळ्यातून, हातात पंखे घेऊन राजकन्येच्या डौलात करतात. मंचावर तो इतका भरजरी झाला की मारानाव समाजातूनच आवाज उठले, हे आमचं राहिलेलं नाही. आणि माग्लालातिक घ्या. लागुना प्रांतातल्या बिन्यान गावचा पुरुषांचा नाच. छातीवर, पाठीवर, मांड्यांवर नारळाच्या करवंट्या बांधायच्या आणि हातातल्या करवंट्यांनी त्यांच्यावर ताल धरायचा. स्वतःच्या आणि समोरच्याच्याही. कोकणातल्या माणसाला बघता क्षणी आपला वाटेल असा नाच, करवंटीचा तो टणक आवाज कानात घुमत राहतो. पण गोष्ट काय, तर नारळाच्या दुधाचा आटवलेला जो चविष्ट अंश उरतो, लातिक, त्यासाठी ख्रिस्ती आणि मोरो म्हणजे मुस्लिम यांची झुंज. वर्गात एखादा मुस्लिम मुलगा असेल तर तो कुठल्या बाजूला उभा राहणार? मला वाटतं हा नाच शिकवावाच, पण गोष्ट झाकून शिकवू नये. स्पेनच्या काळात एका बेटाला दुसऱ्या बेटाविरुद्ध कसं उभं केलं गेलं, ते त्याच तासाला सांगावं. लोकनृत्य निर्मळच असतं असा एक भाबडा समज आहे. लोकांमध्ये जे असतं तेच त्यांच्या नाचात येतं.

शुद्ध काय आणि उसनं काय, या वादात मात्र फ्रान्सिस्काबाई फारशा पडल्या नाहीत, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. स्पेनचे 'होता' (jota) आणि फांदांगो हे नाच तिकडे गेले, नावं बदलून तिथलेच झाले. लुबांग बेटावर फांदांगोचा पांदांगो झाला आणि बायकांनी डोक्यावर एक आणि दोन्ही हातांच्या पाठीवर एकेक असे तेलाचे तीन दिवे तोलून तो करायला सुरुवात केली. तो मग स्पॅनिश कसा म्हणायचा? गोव्याचा मांडो ऐकताना, बघताना हाच प्रश्न विचारणारे भेटतात. ज्या गावाने एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या केली ती त्या गावाची, इतकं साधं उत्तर पुरे आहे.

मला खरी बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. १९७३ साली फ्रान्सिस्काबाईंना नृत्यासाठी 'राष्ट्रीय कलावंत' हा त्या देशाचा सर्वोच्च कलासन्मान मिळाला. नृत्यातल्या त्या पहिल्याच. योग्यच झालं. पण ज्यांनी त्यांना पावलं दाखवली, त्या गुडघे धरलेल्या आज्या? गावातल्या पारंपरिक कलाकारांसाठी वेगळा राष्ट्रीय सन्मान कायद्याने सुरू व्हायला १९९२ साल उजाडलं. 'गावाद सा मान्लिलिखा न्ग बायान' हे त्याचं नाव. त्यात कलाकाराने आपली विद्या पुढच्यांना शिकवावी अशी अपेक्षा आहे, हे फार चांगलं आहे. तरी मधली १९ वर्षं नोंद घेणारीला मान होता आणि नोंद देणारीला नव्हता. जगभर हेच होतं. आपल्याकडे ओव्या गोळा करणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर असतं आणि जिने जात्यावर बसून त्या म्हटल्या ती 'एक वृद्ध स्त्री' असते. बाईंनी निदान गावाचं आणि प्रांताचं नाव प्रत्येक नाचासोबत घट्ट बांधून ठेवलं, हे त्यांचं मोठेपण. आजच्या माणसाने आणखी एक पाऊल पुढे जायला हवं: दाखवणाऱ्याचं नाव, त्याची संमती, आणि शाळेत किंवा मंचावर तो नाच झाला तर त्याला काय मिळणार, हे सगळं नोंदीच्या पहिल्या ओळीत. गोड बोलून पावलं घेऊन जाणाऱ्यांचा काळ संपायला हवा.

आणि शाळेत न्यायचं म्हणजे काय, तेही बोलून टाकते, कारण 'शाळेत लोककला' म्हटलं की लोकांना स्नेहसंमेलन आठवतं. एका शाळेत मी स्वतः पाहिलंय. 'आपली संस्कृती' म्हणून कोळीनृत्य ठेवलेलं, गाणं सिनेमाचं, पावलं बाहेरून पैसे देऊन आणलेल्या तरुणाने बसवलेली, आणि त्याच शाळेत कोळीवाड्यातल्या अकरा मुली बाकांवर बसून बघत होत्या. त्यांच्या आयांना कोणी विचारलं नव्हतं. संमेलनात एक दिवस आठ मुली नाचतात, उरलेली शाळा टाळ्या वाजवते. फ्रान्सिस्काबाईंची रीत याच्या अगदी उलट होती: रोजचा तास, सगळी मुलं, शिकवणारा नेहमीचाच शिक्षक, हातात नीट लिहिलेलं पुस्तक, आणि त्याला ते वाचायचं प्रशिक्षण. १९४९ साली त्यांच्या पुढाकाराने जी फिलिपिन लोकनृत्य संस्था सुरू झाली, तिचंही मुख्य काम शिक्षकांना शिकवण्याचं. पोशाख नाही, दिवे नाहीत, बक्षीसही नाही. खर्च जवळपास शून्य.

त्या देशातही सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचं नाही. पाठ्यपुस्तकांतून कारिन्योसा किंवा तिनिकलिंग हे 'राष्ट्रीय नृत्य' म्हणून पाठ करवून घेतात. कायद्याने आर्निस, म्हणजे काठ्यांची झुंज, हा राष्ट्रीय खेळ ठरला तो २००९ साली. नाचाबद्दल असा कायदाच नाही. पाठांतराला कायदा लागत नाही, हे आपण शिक्षक जाणतोच. पंखा आणि रुमाल यांच्याआडून लाजत-मुरडत करायचा कारिन्योसा चौदा वर्षांच्या मुलांच्या गळ्यात राष्ट्राभिमान म्हणून अडकवला की ती कंटाळतात, आणि त्यांचं चुकत नाही. एखादा नाच राष्ट्राचा म्हणून वर उचलला की तो त्या बेटाचा, त्या प्रांताचा राहत नाही. माझ्या मते तरी प्रत्येक प्रांताने आपल्या शाळांतून आधी आपला नाच शिकवावा, मग शेजारच्याचा, राष्ट्राचं नंतर बघू.

फ्रान्सिस्काबाई २१ नोव्हेंबर १९८३ रोजी गेल्या. मस्कतच्या गच्चीवर मी त्या मुलीला त्यांच्याबद्दल विचारू शकले नाही, कारण तेव्हा मला हे नाव माहीतच नव्हतं. पुढच्या वर्षी बहिणीकरवी फोनवर विचारलं. तिने हे नाव ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं. मग तिला म्हटलं, तिनिकलिंग तरी कुठला गं? ती लगेच म्हणाली, "लेयतेचा." मग इतिक-इतिक? "सुरिगावचा." आणि करवंट्यांचा? "बिन्यान, लागुना." एकापाठोपाठ एक सहा-सात नाचांची गावं तिने सांगितली. पाढे म्हणतात तशी, न थांबता. तिची पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती म्हणून आम्ही फोन ठेवला.